ब्रह्मपुरीचे दोन 'माम'

या दिवाळीत पोंभुर्ण्याला गेलो तेव्हा आईचा फोन अखेर बदलला. आईच्या मते उगाचच, माझ्या मते दहा वर्षं उशिरा.

जुना फोन बाबांचा. नोकिया ११००, २००५ साली घेतलेला, तो टॉर्चवाला. बाबा २०१४ ला गेले, पण फोन आणि सिम आईने तसंच चालू ठेवलं. बॅटरी तीनदा बदलली (बीएल-५सी, चंद्रपुरात कुठल्याही टपरीवर मिळायची). बटणांवरचे आकडे पार पुसले होते. पण नातीला व्हिडिओवर बघायचं होतं, आणि त्यावर ११०० कडे इलाज नव्हता.

मला वाटलं, नंबर इकडून तिकडे न्यायचे म्हणजे दहा मिनिटांचं काम. तीन दिवस लागले! त्या तीन दिवसांत ज्या नातेवाईकांना आईच्या नंबरवरून मिस्ड कॉल आले, आणि परत फोन केल्यावर 'काही नाही, तपासत होतो' असं उत्तर मिळालं, त्यांना हा खुलासा.

आमच्या घरात नंबरांचं हे काही पहिलं स्थलांतर नाही. आधी बाबांची डायरी होती. कुठल्यातरी विमा एजंटाने दिलेली, रेक्झिनच्या कव्हरची. घरी फोन नसतानाही ती होती. फोन करायला चौकातल्या एसटीडी बूथवर जायचं. भारतात ऑपरेटरशिवाय दुसऱ्या गावाला थेट फोन लागायला १९६० साली कानपूर-लखनौपासून सुरुवात झाली, पण आमच्यासारख्या जंगलाकडेच्या गावांना ते सुख मिळायला पुढची तीसेक वर्षं गेली. १९८४ साली सी-डॉट स्थापन झालं, त्यांनी खेड्यांसाठी वातानुकूलनाशिवाय चालणारी छोटी एक्स्चेंजेस बनवली, मग पिवळ्या पाट्यांचे बूथ आले. रात्री उशिरा दर पाव व्हायचा. बाबा जेवण करून, डायरी खिशात घालून, चपला सरकवत निघायचे आणि मी मागे मागे. आत लाल आकडे पळत असायचे आणि बाबांचं अर्धं लक्ष बोलण्यात, अर्धं त्या आकड्यांत.

त्या डायरीत अर्ध्याअधिक नंबरांपुढे 'पी.पी.' लिहिलेलं होतं. आजच्या मुलांना हे सांगूनही कळणार नाही. ट्रंक कॉलच्या काळात ठरावीक माणसालाच बोलावून द्या असा कॉल मागता यायचा, त्याला पर्टिक्युलर पर्सन, म्हणजे पी.पी. म्हणायचे. पुढे त्याचा अर्थ सरळ 'शेजाऱ्यांचा फोन' असा झाला. म्हणजे नंबर किराणा दुकानदाराचा, आणि बोलायचं चामोर्शीच्या आत्याशी. आधी फोन करून सांगायचं, "जरा बोलावून ठेवा, दहा मिनिटांनी करतो." वैनगंगेपलीकडे कुणीतरी पोरगं पळत जायचं, आत्या पदर सावरत यायची, आणि मग दुसरा कॉल. नंबर एकाचा, नाव दुसऱ्याचं, मध्ये एक पळणारं पोरगं. आजच्या कुठल्याही फोनमध्ये नाव-नंबरासोबत ईमेल, वाढदिवस, ऑफिसचा पत्ता लिहायला रकाने असतात. पी.पी. ला रकाना नाही.

मग २००२-०३ च्या सुमारास एक फेरफार झाला. बीएसएनएलच्या सगळ्या लँडलाईन नंबरांपुढे २ लागला. चंद्रपूरचे पाच आकडी नंबर सहा आकडी झाले, नागपूरचे सहा आकडी सात झाले, म्हणजे कोड धरून (शून्य सोडून) देशभर दहा आकडे. बाबांनी एका रविवारी डायरी घेतली, मास्तरच ते, लाल पेन काढलं, आणि प्रत्येक नंबरामागे एक छोटा २ लिहीत बसले. मी शेजारी बसून ०७१७२ आणि ०७१३२ ओळखायचो, चंद्रपूर की गडचिरोली. १९८२ साली जिल्हा फुटला, तरी बाबांच्या डायरीत दोन्हीकडचे नातेवाईक एकाच पानावर होते.

मध्यंतरी मी या विषयावर थोडं वाचत होतो, तेव्हा एक मजेशीर गोष्ट सापडली. जगातली पहिली टेलिफोन डिरेक्टरी अमेरिकेत न्यू हेवनला फेब्रुवारी १८७८ मध्ये निघाली. डिरेक्टरी कसली, पुठ्ठ्याचा एक कागद. त्यावर ५० नावं होती आणि नंबर एकही नव्हता! ऑपरेटरला नुसतं सांगायचं, अमक्याला जोडा. पुढच्याच वर्षी लोवेल गावात गोवराची साथ आली. तिथल्या डॉक्टर पार्करांना भीती वाटली, की गावाची माणसं ओळखणाऱ्या ऑपरेटर सगळ्या एकदम आजारी पडल्या तर नवख्या माणसाला काय कळणार? त्यांनी सुचवलं, गिऱ्हाइकांना आकडे द्या. म्हणजे नंबर आले तेच मुळी ओळखणारं माणूस जागेवर नसेल तर काय, या काळजीपोटी.

आणि नोकिया ११०० च्या स्वतःच्या मेमरीतसुद्धा बरोबर ५० च नावं बसायची. सव्वाशे वर्षं गेली आणि पुन्हा पन्नासच! बाकीची सिमवर. सिमकार्डावर बहुधा २५० नावं मावतात, पण नावाची लांबी मोजकी. आमच्या सिमवर चौदा अक्षरं. इंग्रजी चौदा. बाबा रोमन लिपीत टाईप करायचे, एकेका अक्षरासाठी तेच बटण तीन-तीनदा दाबत. 'गोंडपिपरी काका' इंग्रजीत मोकळ्या जागेसकट बरोबर चौदा भरतं, बाबांना त्याचा आनंद झाला होता. 'चामोर्शी आत्या'चा शेवटचा 'ए' कापला गेला. आणि ब्रह्मपुरी? त्या शब्दालाच बाबांच्या स्पेलिंगने दहा अक्षरं, एक जागा मोकळी, उरली तीन. एम, ए, एम. ब्रह्मपुरीचा मामा आणि ब्रह्मपुरीची मामी दोघंही सिमवर 'ब्रह्मपुरी माम' म्हणून नांदत होते. चौदा वर्षं कुणाचं काही अडलं नाही, कारण आईला इंग्रजी वाचता येतच नाही. तिला क्रम पाठ होता. वरचा दादा, खालची वहिनी.

माझ्या स्वतःच्या फोनबुकाची कहाणीही काही भूषणावह नाही. २००६ मध्ये मी पुण्यात एक बिनसिमचा सीडीएमए फोन वापरायचो. त्यातले नंबर हँडसेटमध्येच. फोन पाण्यात पडला आणि कॉलेजची तीन वर्षं बुडाली. पुढे शहाणपण आलं, सगळी नावं हौसेने देवनागरीत टाकली, आणि २०११ मध्ये फोन बदलताना व्हीसीएफ फाईल करून नेली. नव्या फोनवर प्रत्येकाचं नाव झालं: बरोबरचं चिन्ह, ई, शून्य, बरोबरचं चिन्ह, ए, चार... पुढे तसाच गोंधळ. जुन्या व्ही-कार्ड पद्धतीत इंग्रजीबाहेरची अक्षरं अशी सांकेतिक करून पाठवायचे, आणि समोरच्या फोनला ती उलगडता आली नाहीत की संपलं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर संगणकाच्या त्या लिपीत 'ई शून्य'नेच सुरू होतं, त्यामुळे माझे सगळे मित्र, बॉस, दूधवाला एका घराण्यातले दिसू लागले.

असो. आईच्या फोनकडे येतो.

नव्या फोनला लागतं नखाएवढं नॅनो सिम. १९९१ साली पहिली सिमकार्डं आली ती एटीएम कार्डाएवढी होती, मग ती बारीक होत गेली. आमचं २००५ चं मधल्या मापाचं. दुकानातला मुलगा म्हणाला, कापून देतो. माझी छाती झाली नाही. चंद्रपूरला जाऊन त्याच नंबरचं नवं सिम घेतलं. नंबर आला, पण सिम कोरं. अर्थात जुनं सिम बंद पडलं तरी त्याच्यावरची नावं कुठे जात नाहीत, जुन्या फोनमध्ये घालून वाचता येतात. संध्याकाळी आई भजनाला गेली तेव्हा मी दोन्ही फोन पुढ्यात घेऊन बसलो आणि १८१ नंबर हाताने उतरवले. नावं होती तशीच, इंग्रजी स्पेलिंगसकट. शेवटी नव्या फोनने विचारलं, सारख्या नावाच्या नोंदी एकत्र करू का? मी 'हो' म्हणालो. झोप आली होती.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आईने वहिनीला फोन लावायला सांगितला. मी 'ब्रह्मपुरी माम' काढून लावून दिला आणि अंगणात गेलो.

मामा २०२१ मध्ये गेला.

बंद झालेला नंबर निदान ९० दिवस कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर देता येतो. तो कधीतरी भद्रावतीकडच्या एका मुलाला मिळाला होता. मी परत आलो तेव्हा आई त्याच्याशी बोलत होती. कोणत्या गावचा, बहीण आहे का, तिच्याकडे गेलास का, वगैरे. चारेक मिनिटं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "हा दादाचा नंबर होय ना?" मी हो म्हणालो. ती उठून चहा ठेवायला गेली.

दुपारी मी सगळं पुसून पुन्हा बसलो. या वेळी तिला शेजारी घेऊन, मराठीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बाबांचं फोनबुक ना बाबांचं होतं, ना आईचं. ते आम्हा पोरांच्या नात्याने लिहिलेलं होतं. बाबा स्वतःच्या मेव्हण्याला मामा आणि बहिणीला आत्या म्हणून लिहायचे, घराघरांत म्हणतात तसं. आई एकेक नंबर ऐकायची आणि तिचं नाव सांगायची. चामोर्शी आत्या झाल्या 'चामोर्शीच्या बाई'. गोंडपिपरी काका झाले 'भाऊजी'. गिरणीवाल्याला बाबांनी 'राईस मिल' लिहिलं होतं, ती म्हणाली, "वामनच्या घरचे लिहि." वामन कोण, मला अजून कळलेलं नाही. दोन ठिकाणी तिने 'पी.पी.' लिहायला लावलं. एकीच्या घरी फोन सुनेकडे असतो, दुसरीच्या शेजारणीकडे.

१८१ पैकी गेलेली माणसं तेवीस निघाली. वाळीत पडलेले, सरेंडर केलेले लँडलाईन वेगळेच. त्यात आमचं स्वतःचं 'घर' पण होतं. मी म्हणालो, हे काढून टाकू.

"कायले काढतं, बापू? जागा पुरत नाही का त्याच्यात?"

जागा पुरत होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवीसच्या तेवीस उतरवले.

'दादा' आणि 'वहिनी' आता वेगवेगळे आहेत. अनुक्रमाने दोघांच्या मध्ये बरीच मंडळी आली आहेत. मी तिला सांगितलं, दादाच्या नावावर चुकून बोट पडलं तर त्या भद्रावतीच्या पोरालाच लागेल.

"लागला तं लागला," आई म्हणाली. "पोरगा चांगला हाय."