सर्वचक्री मालमोटार आणि महाराष्ट्रातील मालवाहतूक : एक ऐतिहासिक विवेचन

मराठीतील ‘चारचाकी’ हा शब्द वाहनाच्या चाकांची संख्या सांगतो. त्यांपैकी किती चाकांना इंजिनाची गती मिळते, याविषयी तो मौन पाळतो. हा भेद दाखविणारा शब्द लोकभाषेत का निर्माण झाला नाही, हा प्रश्न वरवर शब्दार्थाचा दिसला, तरी त्याचे उत्तर वाहतुकीच्या इतिहासात शोधावे लागते. सामान्य मालमोटारीत गती केवळ मागील आसास मिळते व पुढील चाके दिशा देण्यापुरती असतात. जिच्या दोन्ही आसांस गती पोचविलेली असते, त्या मालमोटारीस प्रस्तुत लेखात ‘सर्वचक्री’ म्हटले आहे. असे वाहन देशात सहा दशकांहून अधिक काळ तयार होत असता महाराष्ट्रातील शेतमालाच्या वाहतुकीत ते का रुजले नाही, हे येथे पाहावयाचे आहे.

या वाहनाची वाढ युद्धाच्या आश्रयाने झाली. 1913 मध्ये अमेरिकेतील जेफरी कंपनीने ‘क्वाड’ ही मालमोटार बाजारात आणली. तिची चारही चाके गती घेणारी व वळणारी होती. पहिल्या महायुद्धातील चिखलाने तिची उपयुक्तता सिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धात जीएमसीच्या अडीच टनी, तिन्ही आसांना गती असलेल्या मालमोटारी पाच लाखांहून अधिक निघाल्या. भारतात संरक्षण खात्याने 1958 मध्ये पश्चिम जर्मनीतील एम.ए.एन. कंपनीशी करार केला व त्यातून जबलपूर येथे ‘शक्तिमान’ आकारास आली. 1969 मध्ये तेथेच लष्करी वाहनांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. पुढे तिची जागा अशोक लेलँडच्या ‘स्टॅलियन’ने घेतली. नागरी मालमोटारीची परंपरा याहून निराळी आहे. टाटा व डाइमलर-बेंझ यांच्या सहकार्याने 1954 पासून जमशेदपूर येथे तयार होऊ लागलेली व देशभर पसरलेली मालमोटार मागील आसावरच चालणारी होती.

हा भेद केवळ सरकारी धोरणाचा नव्हे. त्यास यांत्रिक कारणेही आहेत. निसरड्या भूमीवर सर्वचक्री वाहनाचा सगळा भार पकडीसाठी उपयोगी पडतो, हा त्याचा मोठा गुण होय. परंतु भरलेल्या मालमोटारीचा बहुतांश भार मुळातच मागील चाकांवर असतो. त्यामुळे ज्या वेळी माल असतो, त्याच वेळी हा लाभ तुलनेने कमी होतो. उलटपक्षी, पुढील गतिमान आस व गती वाटून देणारी पेटी यांचे वजन प्रत्येक खेपेस वाहावे लागते. इंधन अधिक लागते, तळ उंच झाल्याने हमालास ओझे अधिक वर चढवावे लागते आणि अरुंद गल्लीत गाडी वळविणे कठीण जाते. पुष्कळ सर्वचक्री वाहनांत पुढील आसाची गती तोडण्याची सोय ठेवलेली असते. पक्क्या, कोरड्या रस्त्यावर ती गती निरुपयोगी, किंबहुना टायर व दंतचक्रे झिजविणारी ठरते, याची ही सोय म्हणजे रचनाकारांनीच दिलेली कबुली होय.

आता भूमी व ऋतू यांचा विचार करू. दख्खनची काळी माती पावसात इतकी चिकट होते की टायरच्या खाचा भरून जातात. मातीतच बळ उरले नाही, तर चारही चाके फिरून उपयोग होत नाही. दुसरे असे की, येथील सर्वांत अवजड शेतमाल म्हणजे ऊस, आणि त्याचा गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. म्हणजे वाहतुकीचा मोठा भार भूमी कठीण असतानाच पडतो. लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप 1950 च्या हंगामात सुरू झाले. त्यानंतर कारखान्यांच्या परिसरात एक श्रमविभागणी रूढ झाली : फडातून बैलगाडी, पुढे ट्रॅक्टर व ट्रॉली, दूरच्या पल्ल्यास सडकेवर उभी असलेली मालमोटार. आडरानाचे काम बैलाने व ट्रॅक्टरने उचलल्यामुळे ती क्षमता मालमोटारीत असण्याची निकड उरली नाही.

रस्त्यांचा इतिहासही याच दिशेने जातो. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. 1972 च्या दुष्काळात मजुरांनी खडी फोडून गावोगावचे रस्ते केले. रस्त्यावाचून चालणारे वाहन गावाने मागितले नाही; त्याने रस्ता मागितला. कारण रस्त्यावरून मालाबरोबर रुग्ण, विद्यार्थी व टपालही जाते.

भाषेची साक्ष यास पूरक आहे. ‘जीप’ हे मूळचे सर्वचक्री लष्करी वाहन; परंतु ग्रामीण मराठीत पुढील आसास गती नसलेल्या गाडीसही जीपच म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात अशा गाड्यांतून चालणाऱ्या खाजगी प्रवासी वाहतुकीस ‘वडाप’ हे स्वतंत्र नाव मिळाले. लोकांनी नाव दिले ते वाहनाच्या नित्य उपयोगास. त्याच्या आसांची मोजदाद त्यांनी केली नाही.

यावरून सर्वचक्री मालमोटारीचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. सीमेवर, हिमात व नदीपात्रात तिला पर्याय क्वचितच मिळतो. तथापि, यंत्राचा इतिहास त्याच्या कमाल क्षमतेवरून लिहिण्याची आपली सवय तपासून पाहिली पाहिजे. माल कोणत्या महिन्यात निघतो, तो गाडीत कोण चढवितो आणि खेपेस खर्च किती येतो, या प्रश्नांची उत्तरे कारखान्यांच्या गळीतनोंदींत व तालुक्यांच्या रस्ते-कागदपत्रांत शोधावी लागतील. तेथे संशोधनास अद्याप पुष्कळ वाव आहे.