किरमिजी अक्षर आणि खराखुरा फास

मार्च १६४४. बोस्टनमध्ये मेरी लेथम नावाच्या अठरा वर्षांच्या विवाहितेला आणि जेम्स ब्रिटन या पुरुषाला फाशी देण्यात आले. गुन्हा : व्यभिचार.

मित्रहो, आजचा धागा खरे तर हेस्टर प्रिनविषयी आहे. नथॅनिएल हॉथॉर्नच्या १८५० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द स्कार्लेट लेटर’ या कादंबरीची ती नायिका. परंतु हेस्टर काल्पनिक आहे आणि मेरी खरी होती. शिवाय कादंबरीचा आरंभ १६४२च्या बोस्टनमध्ये होतो. म्हणजे दोघी एकाच काळातल्या आणि एकाच कायद्याखालच्या. मग एक वाचते आणि दुसरी मरते, हे कसे?

प्रथम कायदा पाहू. १६३० साली जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या प्युरिटनांना मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर बायबलच्या आज्ञेने चालणारा समाज उभारायचा होता. पुढच्याच वर्षी त्यांनी व्यभिचारास देहदंड ठरविला. १६४१च्या ‘बॉडी ऑफ लिबर्टीज’ या संहितेत देहदंडाचे बारा गुन्हे आहेत आणि त्यांच्यासोबत बायबलमधील आधारवचनांचे निर्देश आहेत. व्यभिचार त्यांत आहेच. मात्र त्याची व्याख्या नीट वाचावी : स्त्री विवाहित वा वाग्दत्त असेल तरच तो व्यभिचार. विवाहित पुरुषाने अविवाहित स्त्रीशी संबंध ठेवला, तर गुन्हा हलका आणि शिक्षाही हलकी. फास पुरुषाच्याही गळ्यात पडे, हे ब्रिटनच्या उदाहरणावरून दिसतेच. पण गुन्हा कोणता, हे ठरे स्त्रीच्या विवाहावरून.

त्याच संहितेत आणखी एक कलम होते : दोन-तीन साक्षीदार किंवा तितकाच सबळ पुरावा असल्याखेरीज कोणाचाही जीव घेऊ नये. अशा गुन्ह्याला साक्षीदार मिळणार कोठून? त्यामुळे पंच बहुधा ‘अश्लील वर्तन’ अशा सौम्य आरोपावर दोषी ठरवीत आणि फटक्यांवर किंवा दंडावर प्रकरण मिटे. मेरीच्या खटल्यातही पुरावा अपुरा असल्याचे काही न्यायाधीशांचे मत होते, असे विन्थ्रॉप आपल्या रोजनिशीत नोंदवितात. पंचांनी तिला दोषी ठरविले आणि त्यानंतर तिने स्वतःच कबुली दिली. एका तरुणाने नाकारल्यावर तिने एका वृद्धाशी लग्न केले होते, हेही त्याच नोंदीत आहे. तिने आणखी बारा पुरुषांची नावे घेतली. जे पकडले गेले त्यांनी इन्कार केला, आणि तिच्या शब्दाखेरीज पुरावा नसल्याने ते सुटले. हेस्टर मात्र शेवटपर्यंत एकही नाव घेत नाही. दोन्ही कथांत पुरुष सुरक्षित राहतात, हे ध्यानात घ्यावे.

हॉथॉर्नला हा कायदा ठाऊक होता. म्हणूनच पहिल्या प्रसंगात गर्दीतला एक माणूस खुलासा करतो : शिक्षा खरी मृत्यूचीच, परंतु पती बहुधा समुद्रात बुडाला असावा, म्हणून न्यायाधीशांनी दया दाखविली. तीन तास चौथऱ्यावर उभे राहणे आणि जन्मभर छातीवर ‘ए’ हे अक्षर वागविणे, एवढ्यावर भागले.

आणि ते अक्षर? तेही खरे, फक्त त्या काळातले नव्हे. प्लिमथ या शेजारच्या स्वतंत्र वसाहतीत १६५८ साली व्यभिचाऱ्यांच्या कपड्यांवर ‘एडी’ ही अक्षरे शिवण्याचा नियम झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये ‘ए’ आला तो १६९४च्या कायद्याने : गळ्यात दोर अडकवून एक तास वधस्तंभाशी बसायचे, चाळीसपर्यंत फटके खायचे आणि दोन इंच उंचीचे, कपड्याच्या विरुद्ध रंगाचे अक्षर दंडावर किंवा पाठीवर कायम वागवायचे. हॉथॉर्नने ते पन्नास वर्षे मागे नेले, छातीवर आणले आणि हेस्टरच्या हातून त्यावर सोनेरी जर भरली.

लाज हे त्या समाजाचे केवळ स्त्रियांसाठी राखलेले शस्त्र होते, असे मात्र समजू नये. १६३९ साली रॉबर्ट केन या धनाढ्य व्यापाऱ्याला जादा नफा घेतल्याबद्दल दंड झाला आणि चर्चसमोर रडत कबुली द्यावी लागली. कबुली दिली, पश्चात्ताप पटला, की मंडळी माणसाला परत आपल्यात घेत. हाच त्यांचा उद्धाराचा मार्ग. मोक्ष सत्कृत्यांनी मिळत नाही, तो देवाच्या कृपेनेच मिळतो, ही त्यांची ठाम श्रद्धा.

येथेच हेस्टर खऱ्या प्युरिटनांपासून दूर जाते. ती शिवणकाम करून मुलीला वाढविते, आजाऱ्यांची शुश्रूषा करते आणि लोक त्या अक्षराचा अर्थच बदलून ‘एबल’ म्हणजे समर्थ असा लावू लागतात. कर्तृत्वाने डाग पुसण्याची ही कल्पना माझ्या मते १६४०ची नाही, १८५०ची आहे. शिवाय तिला खरा पश्चात्ताप झाला होता काय? अरण्यात ती अक्षर काढून फेकते आणि धर्मोपदेशक डिम्सडेलसह पळून जाण्याचा बेत स्वतः आखते. पश्चात्तापाने जळतो तो डिम्सडेल. सात वर्षे मौन पाळून अखेर त्याच चौथऱ्यावर कबुली देऊन तो मरतो. हेस्टर मात्र अनेक वर्षांनी समुद्रापलीकडून परत येते आणि कोणाचाही हुकूम नसताना ते अक्षर पुन्हा छातीवर लावते.

हॉथॉर्नला हा विषय का सुटेना, याचे एक उत्तर त्याच्या घराण्यात आहे. पूर्वज विल्यम हेथॉर्न क्वेकरांच्या छळासाठी कुप्रसिद्ध, तर त्याचा मुलगा जॉन १६९२च्या सेलम चेटूक खटल्यांतील न्यायाधीश. लेखकाने आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढविले. पूर्वजांपासून अंतर राखण्यासाठीच, असा अनेकांचा तर्क आहे.

मेरी लेथमला मात्र सात वर्षे मिळाली नाहीत. फासाखाली उभी राहून तिने तरुण मुलींना आईबापांची आज्ञा पाळण्याचा आणि वाईट संगत टाळण्याचा उपदेश केला. विन्थ्रॉप यांनी तो लिहून ठेवला, म्हणून तिचे नाव आपल्यापर्यंत आले.