गिअरबॉक्सखालचं रबर: पेट्रोल जीप डिझेल झाली तेव्हा

हा भाग एका रबराच्या तुकड्याबद्दल आहे. गॅरेजात त्याला 'फाउंडेशन' म्हणतात, पुस्तकात ट्रान्समिशन माउंट. माझं काम सॉफ्टवेअरचं, पण गाव पाथर्डी. नव्वदच्या सुमारास आमच्या मामांनी पॅसेंजर वाहतुकीची पेट्रोल जीप डिझेल करून घेतली. ती गोष्ट घरात इतक्या वेळा ऐकलीय, की तिच्यामागचा इतिहास शोधायचाच होता.

सुरुवात मुंबईतून. १९४७ मध्ये महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे आली सीजे-३बी, उंच बॉनेटची. तिच्यात २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन. दणकट, पण पेट्रोल पिणारं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि तीन डॉलरच्या आसपासचं कच्चं तेल काही महिन्यांत अकरा-बारा डॉलरवर गेलं. आपल्याकडे पेट्रोल महागलं, डिझेल मात्र त्या मानाने स्वस्त राहिलं. आमच्या भागाने नुकताच बहात्तरचा दुष्काळ काढला होता. जीपवर पोट असणाऱ्याला हा फरक परवडणारा नव्हता.

कंपनीनेही वाट बदलली. सत्तरच्या दशकात बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं, मग पूजोच्या परवान्याचं एक्सडीपी. पण ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती त्यांनी काय करायचं? नवी घ्यायला पैसे नाहीत. मग गावोगावच्या गॅरेजांनी जुन्या चासीत डिझेल इंजिनं बसवायला सुरुवात केली.

अशा कामात सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे असतं. कुठून आणलं, किती चाललेलं, ॲव्हरेज काय देईल. पण जीपचं इंजिन तीन ठिकाणी टेकतं: पुढे दोन रबरं आणि मागे गिअरबॉक्सखाली एक. हे मागचं रबर चासीच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे क्रॉस मेंबरवर बसतं. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडताना मध्ये जाड प्लेट येते. तेवढ्याने इंजिन पुढे तरी सरकतं किंवा गिअरबॉक्स मागे तरी. मागे सरकला तर फाउंडेशनची भोकं जुळत नाहीत आणि मागचा शाफ्टही कापून आखूड करावा लागतो.

आता रबरच का? पूर्वी मोटारींची इंजिनं थेट चासीला बोल्टने आवळलेली असत. चार सिलिंडरचं इंजिन थरथरलं की अख्खी गाडी थरथरायची. १९३१ मध्ये क्रायसलर कंपनीने प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर तोललं आणि त्याला 'फ्लोटिंग पॉवर' नाव दिलं. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने ते तंत्र घेतलं आणि जाहिरातीत तरंगणारा हंस दाखवला.

डिझेलमध्ये हे रबर आणखी महत्त्वाचं. हरिकेनमध्ये हवा साधारण सातपट दाबली जाते, अशा डिझेलात वीसपटीच्या आसपास. त्यामुळे प्रत्येक ठोका जड. मिनिटाला सातशे फेऱ्यांवर चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला तेवीस ठोके देतं. शिवाय सीजे-३बीचा पहिला गिअर २.८ पट आणि लो रेंज २.४६ पट, म्हणजे मिळून जवळपास सातपट पीळ. तेवढाच उलटा पीळ गिअरबॉक्सच्या अंगावर येतो, आणि तो धरायला हीच तीन रबरं.

मामांच्या जीपला मापाचं रबर मिळालं नाही. मिस्त्री म्हणाले, "रबर कशाला, लोखंडी पट्टीच मारतो, जन्मात तुटणार नाही." पट्टी तुटलीही नाही. तिच्या शेजारी क्रॉस मेंबरचं वेल्डिंग तडकलं. नगरहून येताना करंजी घाटाच्या उतारावर मागची बाजू खाली बसली, गिअरची दांडी फ्लोअरच्या पत्र्याला आपटली आणि दुसरा गिअर सुटला. गाडीत नऊ माणसं. मामांनी ब्रेक, हँडब्रेक आणि डोंगराकडची कड, तिन्ही वापरून जीप थांबवली. कुणाला खरचटलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी रोजच्या गिऱ्हाइकांतली दोन-तीन माणसं एसटीने गेली, हे मामा आजही सांगतात.

दुसऱ्यांदा काम झालं ते दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे. त्यांची पद्धत मामांना पाठ आहे. गिअरबॉक्स जॅकवर, मध्ये लाकडी ठोकळा. आधी शाफ्टची रेघ बघायची, मग फाउंडेशनची जागा ठरवायची. भोकं लांबट ठेवायची. वेल्डिंग करताना रबर काढून ठेवायचं, नाहीतर उष्णतेने जळतं. बोल्ट सगळे सैल लावायचे, जॅक काढून वजन रबरावर येऊ द्यायचं, इंजिन सुरू करून हलू द्यायचं आणि ते स्वतःहून जिथे बसेल तिथे आवळायचं. आधीच आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं. ती जीप नंतर पुष्कळ वर्षं मोहटा देवीच्या आणि मढीच्या यात्रेला चालली.

गंमत बघा. घाटापलीकडे नगरला व्हीआरडीई आहे, लष्कराच्या आणि बाजारातल्या गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था. मिस्त्रींकडे होता तो ठोकळा आणि नजर. तरी दोघांचा प्रश्न एकच: ही जोडणी भार सोसेल का? कायद्याचाही प्रश्न तोच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, २००० मध्ये ते आणखी कडक झालं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गाडीची मूळ रचना मनाने बदलता येणार नाही असं सांगितलं. त्यामुळे आज कुणाला जुन्या जीपचं इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओत विचारा, मग पाना उचला.

आमच्या कामातही हेच दिसतं. नवी सिस्टीम मोठ्या कौतुकाने येते, आणि मोडतं ते जुन्याला नवं जोडलेलं ठिकाण. कुणी ते घट्ट आवळून टाकलेलं असतं म्हणून.

तुमच्या घरी अशी डिझेल केलेली जीप होती का? तिचं फाउंडेशन कुणी बसवलं, हे घरातल्या मोठ्यांना विचारून नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.