मुंबईची ३९ मिनिटं

घड्याळाचा काटा पुढे ढकलला की सूर्यही लवकर उगवतो, ही सरकारी समजूत फार जुनी. १ जानेवारी १९०६ ला साहेबानं अख्ख्या हिंदुस्थानला एकच वेळ लावून दिली: ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्वतःची वेळ ४ तास ५१ मिनिटांची. म्हणजे मुंबईकराची ३९ मिनिटं एका रात्रीत गडप!

गिरणीकामगार बिथरले. सहाचा भोंगा आता जुन्या पाच एकवीसलाच वाजणार. अंधारात चूल कोण पेटवणार? महापालिकेनं तर सरळ जुनीच वेळ चालू ठेवली. आगगाडी एका वेळेनं सुटे, पालिकेचं घड्याळ दुसरीच दाखवी. इंग्रज गेला, कलकत्त्यानं १९४८ मध्ये हात टेकले, तरी मुंबई हटेना. १९५५ साली ती एकदाची वेळेवर आली; अवघी ४९ वर्षं उशिरा!

मला विचाराल तर भांडण मिनिटांचं नव्हतंच. आपल्या दारात दुपार कधी झाली, हे परक्यानं का सांगावं? सूर्याला तर हा हुकूम अजून पोचलेला दिसत नाही. मुंबईत तो आजही माथ्यावर येतो, तो बारा एकोणचाळीसच्या सुमारास.