माग शिवेपर्यंत

मी पुरंदर तालुक्यातल्या एका गावची पोलीस पाटील. विहिरीवरची मोटर चोरीला गेली, रात्रीत केबल कापून नेली, की पहिला फोन मला येतो. फिर्याद होते, पंचनामा होतो, आणि सगळं आटोपल्यावर शेतकरी विचारतो, "चोर सापडेल तेव्हा सापडेल, माझं नुकसान कोण भरून देणार?" आज मला त्याला ठोस उत्तर देता येत नाही. दोनशे वर्षांपूर्वी याच मुलखात त्याला उत्तर होतं.

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली जिंकलेल्या प्रदेशाचा अहवाल लिहिला. गावच्या राखणीची रीत त्यात आली आहे. राखण कुठे रामोशी करत, कुठे भिल्ल, कुठे महार. गावात कोण कसा आहे, रात्री कोण आलं, कोण गेलं, हे राखणदाराला ठाऊक असावं लागे. चोरी झाली की तो पावलांचे ठसे शोधी, पावलाचं माप घेई आणि माग काढत शिवेपर्यंत जाई. शिवेवर पुढच्या गावच्या राखणदाराला बोलावून तो माग मापासकट त्याच्या हवाली करायचा. एकदा माग पलीकडे गेला, हे त्या राखणदाराला पटलं, की जबाबदारीही पलीकडे गेली. माग जिथे हरवला, तिथल्या गावावर ती राहिली. माल हाती लागला नाही, तर राखणदाराने ऐपतीप्रमाणे भरून द्यायचं आणि उरलेलं सगळ्या गावाने.

चोर कोण, हे कळायच्या आधीच नुकसान कोणी सोसायचं हे ठरलेलं होतं. ज्याचं घर फुटलं तो एकटा पडत नव्हता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पण या रितीचं ओझं सर्वांत गरिबावर पहिलं पडे, तेही सांगितलं पाहिजे. रात्रभर जागायचं रामोशाने, आणि संशयही आधी त्याच्यावरच. शिवाय माग निघे तो गुराढोरांचा, दागिन्याभांड्यांचा. घरात मार खाणाऱ्या बाईसाठी कोणी शिवेपर्यंत चालत गेलं नाही.

आमच्या शेजारच्या भिवडीचे उमाजी नाईक रामोशीच. पुरंदर किल्ल्याची राखण आणि तिचे हक्क रामोशांच्या हातून गेले, त्या असंतोषातून त्यांचं बंड उभं राहिलं. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी दिली. ज्यांच्या भरवशावर गावं झोपत होती, त्यांनाच पुढे सरकारने जन्मजात गुन्हेगार ठरवलं. विमुक्त जातींच्या यादीत रामोशी हे नाव आजही आहे.

इंग्रजांनी १८६७ साली मुंबई इलाख्यासाठी ग्राम पोलीस कायदा केला. वरिष्ठांना खबर देणं, गुन्हेगाराला धरणं, याला महत्त्व आलं. गावाने भरून द्यायची रीत मागे पडत गेली आणि ज्याचं नुकसान झालं तो फक्त साक्षीदार उरला. स्वातंत्र्यानंतर पाटीलकीची वतनं गेली. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने माझं पद आलं, तेही मुख्यतः खबर देण्यासाठीच.

पीडिताची आठवण कायद्याला फार उशिरा झाली. फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-अ हे कलम आलं आणि २००९ च्या अखेरीस लागू झालं. राज्याने २०१३ साली बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी मनोधैर्य योजना आणली, २०१४ साली पीडित नुकसानभरपाई योजना. मोटर आणि केबल त्यात बसत नाही. ती भरपाई जिवावर, शरीरावर बेतलेल्या गुन्ह्यांची आहे. पण घरातल्या ज्या बाईसाठी जुन्या रितीत काहीच नव्हतं, तिला आता निदान दाद मागायला जागा आहे.

त्या कलमातली, २०२४ साली लागू झालेल्या नव्या संहितेतही कायम राहिलेली एक तरतूद गावोगाव माहीत व्हायला हवी: आरोपी सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना भरपाई मागता येते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. तुमच्या गावात असं कोणी असेल, तर त्याच्यासोबत अर्ज घेऊन जा. त्याला एकट्याला पाठवू नका.