स्कॉर्पिओ आपल्या नाशिकची!

मंडळी, सुरतेत स्थायिक झालेल्या आपल्या खानदेशी घरांना जीप म्हणजे काय ते सांगायला नको. नवापूर, कोंडाईबारी घाट, साक्री, धुळे... आणि पुढे गावापर्यंत काळी-पिवळी. आत दहा-बारा, मागे लटकलेले वेगळेच. त्याच कंपनीनं पुढे स्कॉर्पिओ काढली, म्हणून हा इतिहास.

महिंद्रानं 1947 पासून विलिस जीप जोडायला घेतली. पुढची पन्नास वर्षं कमांडर, आर्माडा अशी नावं बदलली, पण मूळ सांगाडा जीपचाच. 1991 नंतर परदेशी कंपन्या आल्या आणि प्रश्न उभा राहिला की हे खेड्यातलं गिऱ्हाईक किती दिवस पुरणार? फोर्डशी भागीदारी करून 1996 साली नाशिकहून एस्कॉर्ट गाडी निघाली. ती काही फारशी चालली नाही. मग ठरलं, आपली गाडी आपणच करायची. जीप बनवणाऱ्यांना हे जमेल यावर बाहेर फार कुणाचा विश्वास नव्हता.

पवन गोयंका डेट्रॉइटची जनरल मोटर्समधली नोकरी सोडून 1993 सालीच नाशिकला आले होते. त्यांच्या हाताखाली सव्वाशेच्या आसपास माणसं, बहुतेक तिशीच्या आतली. पैसा साधारण 600 कोटी. परदेशी कंपन्या नव्या गाडीवर याच्या कितीतरी पट ओततात. मग हे एवढ्यात कसं भागलं? माझ्या मते खरी हुशारी इथेच आहे. सगळं स्वतः करायचा हट्ट धरला नाही. सुटे भाग पुरवणाऱ्यांना नुसता नकाशा देऊन 'एवढं करून द्या' म्हणण्याऐवजी, त्या भागाचं डिझाईनही त्यांच्याच गळ्यात घातलं. इंजिनासाठी ऑस्ट्रियाच्या एव्हीएलची मदत घेतली. 2.6 लिटरचं टर्बो डिझेल, 109 हॉर्सपॉवर. जीपवाल्यांना हा आकडाच नवा होता!

20 जून 2002 ला गाडी बाजारात आली, किंमत साडेपाच लाखांच्या आसपासपासून. उंच असल्यानं वेगात वळणावर झोल खायची, हे चालवणारा कुणीही सांगेल. तरी लोकांनी घेतली. पुढाऱ्यांनी तर जरा जास्तच घेतली!

नंतर एमहॉक इंजिन आलं. 2022 च्या जूनमध्ये पूर्ण नवी स्कॉर्पिओ-एन आली, ती चाकणहून. जुनी मात्र बंद केली नाही, 'क्लासिक' नावानं तिच्या शेजारीच विकायला ठेवली.