पहिला जाळ रिकामाच

सध्या मुलाकडे टेक्सासात आहे. परवा त्याने मांस धुरावर शिजवायची भट्टी, इथला ‘स्मोकर’, आणून परसात मांडली. मी शाकाहारी, म्हणून आधी गप्पच होतो.

पण इतिहासाचा मास्तर किती गप्प बसणार? १९व्या शतकात इथे आलेले जर्मन आणि चेक खाटीक न विकलेलं मांस धुरावर धरत. लॉकहार्ट गावातलं क्राइट्स मार्केट १९०० सालचं. पुढे लोक तेलधंद्यातल्या जाड पाइपांना वेल्डिंग करून भट्ट्या बनवू लागले. बाजारातली स्वस्त भट्टी पातळ पत्र्याची. फटींतून धूर गळतो.

म्हणून मुलाने झाकणाच्या कडेला आच सोसणारी पट्टी चिकटवली, आतून खायच्या तेलाचा हात फिरवला आणि दोन-तीन तास नुसताच जाळ केला. कारखान्यातला ओशटपणा जळतो, लोखंडावर काळा थर धरतो, गंज लवकर चढत नाही.

त्याची आई नवा बिडाचा तवा असाच तयार करायची. मी तसं म्हणताच तो म्हणाला, “तिचंच बघून शिकलो, बाबा.”

त्यातलं मी खाणार नाही. पण पुढची लाकडं मीच सारली. असो.